बेंजोकडचे पाहुणे

घोडेगावच्या पेठेत भांड्यांचं दुकान चालवणारे कांतीलाल मुथा यांना पंचक्रोशीतल्या लग्नाची तारीख नवरीच्या मामाच्याही आधी कळते. रुखवताची भांडी घ्यायला माणसं आली की हंडा केवढा आणि डबे किती हे ठरायच्या आत शेठ विचारतात, "बेंजो कुणाचा सांगितलाय?" उत्तर 'डीजे' असं आलं तर ते वर्तमानपत्र उघडतात आणि गिऱ्हाईक त्यांच्या बायकोच्या, मंगलाबाईंच्या गळ्यात पडतं. 'शिनोलीचा' असं आलं तर चहा येतो आणि तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं नोंदवली जाते. गिऱ्हाइकाला वाटतं, शेठ लग्नाला येणार, म्हणजे आहेर घेऊन येणार. शेठ छत्री घेऊन येतात.

छत्रीच्या दांडीला आतून एक छोटा माईक रबरानं बांधलेला असतो. त्याची वायर शर्टाच्या बाहीतून खिशातल्या रेकॉर्डरपर्यंत जाते. मे महिन्यात छत्री उघडली तर कुणी वळून पाहत नाही. जानेवारीत पाहतात. शेठ त्रेसष्ट वर्षांचे आहेत आणि गेली चौतीस वर्षं ते असे पाहुण्यांत उभे राहत आले आहेत. पूर्वी खांद्यावरच्या पिशवीत टेपरेकॉर्डर असायचा, एवढाच फरक.

शिनोलीची कमळजाई बेंजो पार्टी सहा माणसांची. टेम्पोवर स्पीकर, जनरेटर, कॅसिओ आणि बेंजो. मागून चालत दोन ढोल आणि ताशा. बेंजोवर सावळाराम. डाव्या हाताची बोटं बटणांवर, उजव्या हातात नखी, डोळे रस्त्यावर. बाकीच्या पार्ट्यांसारखे तेही सांगतील ती सिनेमाची गाणी वाजवतात. पण मिरवणूक कुठे अडली आणि नाचणारे दमले, की सावळाराम गाणं अर्ध्यावर टाकून एक बिनशब्दांची चाल धरतात. चार ओळींची. तिला सगळे 'घाटाची चाल' म्हणतात.

ती पहिल्यांदा वाजली १९९१ साली, भीमाशंकरच्या खालच्या अंगाच्या एका वाडीत. नवरदेवाच्या घोडीनं ओढा ओलांडायला नकार दिला. माणसं घोडीला समजावत होती, तोवर काहीतरी वाजत राहायला हवं म्हणून सावळारामांनी त्याच चार ओळी पाऊण तास फिरवल्या. शेठ त्या वाडीत हंडे पोचवायला गेले होते. हंडे पोचवून लगेच परतायचं होतं. ते संध्याकाळपर्यंत ओढ्यावर उभे राहिले. सूर्यास्तानंतर जैन घरात जेवण नसतं, त्यामुळे त्या दिवशी उपाशी झोपले. पुढच्या लग्नाला टेपरेकॉर्डर घेऊन गेले.

ही चाल दोनदा सारखी वाजत नाही. कधी चौदा मिनिटं चालते, कधी पन्नास. कधी सावळाराम दुसऱ्याच ओळीवर अडून बसतात आणि तिथून हलत नाहीत. कधी चौथी ओळ शेवटपर्यंत येतच नाही आणि ऐकणारे घरी जाईपर्यंत तिची वाट बघतात. याच कारणानं तिच्यामागे माणसं लागली. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत मिळून असे पंधरा-वीस जण असतील. शिक्षक, एक एसटीचा कंडक्टर, दोघे भातकरी, एक जुन्नरच्या फोटो स्टुडिओत लग्नाच्या व्हिडिओंची कापजोड करणारा मोहित. ते नाचत नाहीत, जेवत नाहीत, स्पीकरच्या बाजूला डोळे मिटून उभे राहतात. पार्टीवाले त्यांना 'उभे' म्हणतात. एकदा नवरीच्या काकांना संशय आला आणि त्यांनी शेठना हटकलं, "पावणं, मुलाकडचे का मुलीकडचे?"

"बेंजोकडचे," शेठ म्हणाले.

मढजवळच्या वाडीतले गेणू हे शेठनंतर उभ्यांतले सगळ्यात जुने. भात आणि नाचणी करतात. त्यांनी आयुष्यात काही रेकॉर्ड केलेलं नाही आणि शेठच्या खटाटोपाकडे ते दयेनं पाहतात.

"शेठ, तुमी यंत्र घिऊन हिंडा. माझं समदं डोक्यात हाय. माझ्या म्हशीला जुळी रेडकं झाली त्या सालची चाल, तसली परत वाजली न्हाई."

"कुठली? सत्त्याण्णवची? ओतूरची?"

"साल तुमी बघा. मला रेडकं ठावं."

सत्त्याण्णवची ती कॅसेट शेठकडे आहे. चाल अठ्ठावीस मिनिटांची आहे आणि तिच्यात सात वेळा भिमाजी बोलतात.

शेठच्या चौतीस वर्षांच्या चिडचिडीचं नाव भिमाजी. सावळारामांचे चुलतभाऊ, पार्टीचा माईक त्यांच्या हातात. वाजवणाऱ्याला बक्षीस आलं की देणाऱ्याचं नाव माईकवरून पुकारायचं, हा इकडचा रिवाज. आणि बक्षीस येतं ते वाजवणं रंगात आल्यावर. म्हणजे चाल जिथे वर चढते, नेमकी तिथेच कुणीतरी घामेजलेला माणूस नोट आणि चिठ्ठी घेऊन टेम्पोकडे धावतो आणि स्पीकरमधून आवाज येतो: "ऐका ऐका. नवरदेवाचे थोरले आत्येभाऊ यांच्याकडून आपल्या बेंजो पार्टीला बक्षीस." त्यावर सावळारामांनी तीन सुरांची सलामी द्यायची आणि पुन्हा चाल धरायची.

पुकारा चाल संपल्यावर केला तर काय बिघडतं, हे शेठनी अनेकदा विचारलं आहे. बिघडतं. पस्तीस वर्षांपूर्वी एका गावात एक नाव राहून गेलं. ज्याचं राहिलं तो म्हणाला, माझं बक्षीस गिळलं. टेम्पो दुपारपासून दिवस मावळेपर्यंत अडवून ठेवला आणि ताशा फुटला. त्या दिवसापासून भिमाजींनी दोन नियम केले. घेतलं की पुकारायचं, वाजवणं संपायच्या आत. आणि चिठ्ठीवर असेल तेच वाचायचं, स्वतःचं एक अक्षर घालायचं नाही. एकदा टवाळ मंडळींनी सरपंचांच्या नावापुढे नको तो शब्द लिहून दिला, तोही त्यांनी गंभीर आवाजात वाचला.

परिणाम असा, की शेठजवळ लग्नांत घेतलेली घाटाच्या चालीची त्रेचाळीस रेकॉर्डिंग आहेत आणि एकही स्वच्छ नाही. जुन्या कॅसेटच्या खोक्यांवरची अक्षरं दमट हवेनं गेली. कुठली कॅसेट कुठल्या गावची, हे ओळखायला आता भिमाजींचा पुकाराच ऐकावा लागतो. याचा शेठना जास्तच राग येतो.

त्यांनी उपाय कमी केले नाहीत. टेम्पोच्या मागे उभे राहून पाहिलं, तिथे जनरेटर. मिक्सरला वायर जोडून थेट आवाज घेतला; भिमाजींचा माईकही त्याच मिक्सरमध्ये जात असल्यानं पुकारा कधी नव्हे इतका स्पष्ट उमटला. शेवटी एका अमावास्येला दुकान बंद ठेवून पार्टीला दुकानातच बसवलं. भिमाजींना मुद्दाम बोलावलं नाही. ढोलावर पहिली थाप पडली आणि मांडणीवरची सगळी पातेली, कढया, ताटं एकदम थरथरायला लागली. शेठनी आणि मंगलाबाईंनी मिळून भांड्यांमध्ये गोणपाटं कोंबली. पुन्हा सुरुवात झाली. चाल सहा मिनिटांत आटोपली.

"एवढीच?" शेठ म्हणाले.

सावळारामांनी नखी खाली ठेवली. "कुणाला वाजवू, शेठ? परातींला?"

मंगलाबाईंचं या सगळ्यावरचं मत सरळ आहे. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर, शेवयांचे डबे असायचे तिथे, कॅसेटी आहेत. "एकच चाल, त्रेचाळीस वेळा. मी घरात त्रेचाळीस दिवस एकच भाजी केली असती तर यांनी काय म्हटलं असतं?"

"भाजी रोज वेगळी झाली असती तर खाल्ली असती," शेठ म्हणतात.

"रोज वेगळीच होते. तुमचं लक्ष कुठे असतं?"

यंदा फेब्रुवारीत सावळारामांच्या डाव्या हाताची दोन बोटं बधिर झाली. बटण दाबलं गेलं की नाही हे त्यांना कळेना. आवाज आला तर कळायचं. मे अखेरची सुपारी मढजवळची होती, गेणूंचा पुतण्या गोकुळ याच्या लग्नाची. ती वाजवून बेंजो ठेवायचा, असं सावळारामांनी सांगून टाकलं. त्यांचं वय सत्तर. त्यांनी शिकवलेलं कुणी नाही. कॅसिओवाल्याला चाल येते, पण तो ती सरळ चार ओळींत वाजवून मोकळा होतो.

म्हणजे शेठना एकच संधी उरली. ते स्कूटर काढून शिनोलीला गेले. भिमाजी अंगणात लसूण निवडत बसले होते.

"भिमाजी, एक दिवस. एकच चाल. मधे बोलायचं नाही."

"मी कुठं बोलतो, शेठ? लोकं बोलाया लावत्यात."

"चौतीस वर्षं ऐकतोय मी तुम्हाला."

"मला ऐकता व्हय? मला वाटलं तुमी बेंजो ऐकाया येता."

शेठनी तोडगा मांडला. लग्न गेणूंच्या घरचं. गेणू टेम्पोशेजारी तबक घेऊन उभे राहतील. बक्षीस आणि चिठ्ठ्या तबकात जातील. चाल संपली की भिमाजींनी सगळी नावं एका दमात पुकारायची. कुणाचं राहणार नाही.

"आन कुणी म्हनलं, गिळलं?"

सोबत आलेले गेणू म्हणाले, "माझ्या गावात मला चोर म्हननारा अजून जन्माला यायचाय."

"जन्मलाय," भिमाजी म्हणाले. "तोंडावर म्हनत न्हाई, एवढंच." पण हातातली लसणाची पाकळी त्यांनी सोलून बाजूला टाकली आणि मग म्हणाले, "तबकात पडंल ते मागनं. दिला शब्द."

शेठ सुखानं घरी आले आणि तिथे त्यांच्यातला व्यापारी जागा झाला. माणूस आपला नियम आपल्यासाठी मोडतोय, तर त्याच्याकडे रिकाम्या हातानं कसं जायचं? लग्नाच्या दिवशी सकाळी त्यांनी दुकानातलं एक पितळी घंगाळ काढलं, जाड पत्र्याचं, दोन्ही बाजूंना कड्या असलेलं. पाहुण्यांच्या आंघोळीचं पाणी काढायला असतं तसलं.

मंगलाबाई म्हणाल्या, "त्या माणसाला काही देऊ नका. त्याला दिलेलं पचत नाही."

"शिष्टाचार म्हणून आहे."

"मग मला द्या. मी कुणाला सांगणार नाही."

घंगाळ स्कूटरच्या पुढच्या जागेत पाय आखडून ठेवून शेठ जुन्नर, ओतूर करत मढला पोचले. टेम्पोजवळ भिमाजींच्या हातात ते ठेवलं. भिमाजींनी ते फिरवून पाहिलं, बोटानं वाजवून पाहिलं आणि केबिनच्या टपावर, सगळ्यांना दिसेल असं ठेवलं.

चार वाजता नवरदेव मारुतीच्या पाया पडायला निघाला. दोनशे पावलांवर वाट अडली. पाहुण्यांची एक जीप बोळात आडवी उभी होती आणि चावी खिशात घेऊन तिचा मालक मांडवात जेवायला बसला होता. त्याला शोधायला माणसं गेली. नाचणाऱ्यांनी रुमालानं तोंडं पुसली. सावळारामांनी चालू गाणं सोडलं आणि चाल धरली. शेठनी छत्री उघडली. आसपास नऊ उभे डोळे मिटून सरसावले.

पहिली दहा मिनिटं बोटं नीट पडत नव्हती. एक-दोन सूर मुके गेले. मग सावळारामांनी बधिर बोटं बाजूला ठेवून उरलेल्या दोन बोटांनी वाजवायला सुरुवात केली आणि चाल संथ झाली. दोन बोटांना पोचायला वेळ लागतो. मधे जागा राहते. ढोलवाल्यांनी ती जागा ओळखली आणि भरली नाही. गेणू तबक घेऊन उभे होते. माणसं येत, चिठ्ठी टाकत, भिमाजींकडे आशेनं बघत आणि गेणू त्यांना डोळ्यांनीच मागे ढकलत. भिमाजींनी माईक दोन्ही हातांनी छातीशी धरला होता आणि ते डोंगराकडे बघत होते. वीस मिनिटं. पंचवीस. जीपचा मालक सापडला होता, पण तो जीपमध्ये बसून ऐकत राहिला.

एकतिसाव्या मिनिटाला ढोल थांबले. कॅसिओ थांबला. सावळाराम तिसऱ्या ओळीच्या शेवटच्या सुरावर आले आणि तिथेच राहिले. तोच एक सूर, पुन्हा पुन्हा, हलका हलका. वरच्या आळीत कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. शेठनी तीही माफ केली. त्यांच्या चौतीस वर्षांत असली जागा आलेली नव्हती.

स्पीकरमध्ये खट् असा आवाज झाला.

"ऐका ऐका. मंचरचे भांड्यांचे व्यापारी कांतीलालशेठ मुथा यांच्याकडून आपल्या बेंजो पार्टीला एक पितळी घंगाळ."

सावळारामांनी मान न वळवता तीन सुरांची सलामी दिली. सलामीच्या शेवटच्या सुरावरून त्यांचं बोट घसरलं की त्यांनी घसरवलं, सांगता येत नाही. पण चौथी ओळ तिथून सुरू झाली, नेहमीपेक्षा खालून. ढोल आत आले. पुढची अकरा मिनिटं जे वाजलं ते उभ्यांपैकी कुणीही आधी ऐकलेलं नव्हतं. शेठनी त्यातलं फारसं ऐकलं नाही. ते छत्री धरून भिमाजींकडे बघत होते.

मिरवणूक पुढे गेल्यावर त्यांनी भिमाजींना टेम्पोच्या आडोशाला गाठलं. शेठ आवाज चढवत नाहीत. चढवलेला आवाज दुकानात उपयोगाचा नसतो.

"शब्द दिला होता तुम्ही."

"तबकात पडंल त्याचा दिला व्हता. घंगाळ तबकात कुठं मावतंय?"

"ते तुम्हाला दिलं होतं. गप्प राहण्याबद्दल."

"मग तसं चिठ्ठीवर लिहायचं. मी वाचलं असतं." भिमाजी खरोखर विचारात पडले होते. "चाल संपाया आली व्हती, शेठ. टपावर घंगाळ समद्या गावानं बघितलेलं. न पुकारता नेलं असतं तर काय म्हनले असते लोक?"

"आणि मंचरचा मी कधीपासून?"

"लेबलावर मंचर हाय."

घंगाळाच्या बुडाला ठोक व्यापाऱ्याचं लेबल होतं आणि त्यावर मंचर होतं.  शेठ सावळारामांकडे वळले. सावळाराम टेम्पोच्या फाळक्यावर बसून डावी बोटं उजव्या हातानं चोळत होते.

"सावळारामभाऊ, माफ करा. माझ्यामुळे तुमचा सूर मोडला."

"मोडला कसला? मी अडाकलो व्हतो तिथं," सावळाराम म्हणाले. "फुडं काय करावं सुचतच नव्हतं. भिमाजी बोलला, सलामी वाजीवली, आन वाट घावली. लई बरं झालं."

शेठनी यातलं घरी कुणाला काही सांगितलं नाही. गेणूंनी सगळ्यांना सांगितलं.

आठवड्यानं शेठ जुन्नरला मोहितच्या स्टुडिओत गेले. मोहितनं तो पुकारा संगणकावर शोधला, कापला आणि दोन्ही टोकं अशी जोडली की सांध्याचा पत्ता लागू नये. कानावर हेडफोन चढवून शेठनी बेचाळीस मिनिटं ऐकलं. चौतीस वर्षांत हवी होती ती वस्तू समोर होती: घाटाची चाल, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधे माणसाचा शब्द नाही. एकतिसाव्या मिनिटाला बेंजो एका सुरावर येऊन थांबतो. मग काही कारण नसताना तीन सुरांची सलामी येते. समोर कुणी नाही, नाव नाही, आणि वाजवणारा वाकतोय. तिथून पुढचं सगळं त्या सलामीतून निघालेलं.

शेठनी ती जागा चार वेळा ऐकली. मग म्हणाले, "सलामी पण काढता येईल का?"

"येईल. पण मग चौथी ओळ कुठून सुरू झाली ते कळणार नाही. उडी मारल्यासारखं वाटेल." मोहितनं तसं करूनही दाखवलं. उडी मारल्यासारखंच वाटलं.

"राहू दे," शेठ म्हणाले. "होतं तसं कर."

सावळारामांचा बेंजो आता शिनोलीला खुंटीवर आहे. पार्टी चालू आहे. कॅसिओवर सिनेमाची गाणी वाजतात, भिमाजी नावं पुकारतात. भिमाजींच्या घरी पाहुणा आला की त्याला पाणी घंगाळात मिळतं आणि ते कुणी दिलं हेही सांगितलं जातं. उभ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते रेकॉर्डिंग सगळ्यांकडे गेलं. शेठ त्याला 'मढ, पंचवीस' म्हणतात. बाकी कुणी म्हणत नाही. गेणू मंगळवारी घोडेगावला आले, दुकानाच्या पायरीवर टेकले आणि म्हणाले, "शेठ, ती घंगाळाची लावा की जरा."

"तुमच्या डोक्यात आहे ना सगळं?"

"ही न्हाई बसली. मी तबक धरून व्हतो."

शेठनी लावली. मंगलाबाईंनी आतूनच विचारलं, "चव्वेचाळिसावी का ही?" आणि उत्तराची वाट न बघता दार लोटून घेतलं. एकतिसावं मिनिट आलं तेव्हा दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. खट् झालं. भिमाजींचा आवाज आला. एका गिऱ्हाइकानं वर बघितलं.

"तुमचंच नाव हाय की हे, शेठ."

"नाव माझं आहे," कांतीलालशेठ म्हणाले. "गाव नाही. चौतीस वर्षं जातोय मी त्यांच्यामागे, निदान घोडेगाव तरी म्हणायचं."